मोरछाप कुलूप

चांगुणा गेली हे मला पाथर्डीच्या एस.टी. स्टँडवर कळलं. सांगितलं कुणी नाही. गाडीतून उतरलो तर समोर भीमा उभा. भीमा आमच्याच वाडीचा, शेरडं राखतो. तो पुढं आला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. माझी पिशवी कधी कुणी घेत नाही. बावीस वर्षं पलटणीत ट्रंक खांद्यावर वाहिलेला माणूस मी. भीमा पिशवी घेऊन खाली बघत चालायला लागला. मी विचारलं, "कोन?"

तो म्हणाला, "वैनी."

एकाहत्तर सालचा डिसेंबर होता. लढाई नुकतीच लागली होती. चावडीतल्या रेडिओपुढं बसून माझ्यानं राहवेना, म्हणून नगरला गेलो होतो, जुन्या माणसांना परत घेतात का ते विचारायला. तिथल्या साहेबानं माझे कागद बघितले, मग मला बघितलं, चहा पाजला. म्हणाला, "हवालदार, आता गाव सांभाळा." तो हे बोलत होता तेव्हा इकडं चांगुणा पाण्याला गेली होती. घागर भरली, कठड्यावर टेकली, छातीला हात लावला आणि संपलं. आदल्या दिवसापर्यंत काही दुखलं-खुपलं नव्हतं.

वाडीत पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तिला अंघोळ घालून ठेवली होती, माझीच वाट बघत होते. गोजरबाईनं आमच्या घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "हिच्या कनवटीला हुती रं, रंगनाथ." मी ती खिशात टाकली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

गोजरबाई कोण ते सांगितलं पाहिजे, आणि वाडीचंही थोडं.

आमची वाडी पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याला. जमीन आहे, पाणी नाही. दिवाळी झाली की वाडी बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला जाते, श्रीरामपूर-कोपरगावकडं. चैत्रात परत येते. मधल्या काळात मागं राहतात म्हातारी माणसं, शेरडं आणि कुलपं.

मी पलटणीत असताना, पासष्टच्या लढाईच्या साली, श्रीमंतच्या घरात चोरी झाली. चांदीच्या वाक्या आणि पितळी हंडा गेला. कुलूप जसंच्या तसं होतं, फोडलेलं नाही. श्रीमंत जाताना किल्ली शेजारच्या गोरक्षकडं ठेवून गेला होता. गोरक्षच्या पायाला मागच्या तोडीत कोयता लागला होता म्हणून तो त्या साली घरीच होता. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. कुलूप शाबूत आणि किल्ली गोरक्षकडं, एवढ्यावर निकाल लागला. श्रीमंतनं त्याला चावडीच्या खांबाला बांधलं आणि बैलाच्या चाबकानं मारलं. गाव बघत उभं होतं. दोन दिवसांनी गोरक्ष पहाटे पाय ओढत निघून गेला, तो परत आला नाही. गोजरबाई त्याची आई. राजूरच्या बाजारात तांदळाची पोती उचलताना त्याला कुणीतरी बघितलं, एवढंच तिला माहीत.

चांगुणा त्या वेळी वाडीतच होती. मी रजेवर आलो की ती म्हणायची, "त्यानं न्हाई केलं." मी विचारायचो, कशावरून? ती म्हणायची, "तवा मी त्याच्या पायाची पट्टी बदलत हुते. त्याला उठून न्हानीत जाता येत नव्हतं." हे तिनं चावडीतही सांगितलं होतं. बाई बोलली म्हणून कुणी ऐकलं नाही.

सदुसष्टला मी सुटून आलो. वाडीत मला मेजर म्हणतात, मी हवालदार होतो. आल्यावर मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांची राखण लावून दिली, कुणी कधी कुठून फिरायचं ते ठरवून दिलं. किल्ल्या सगळ्यांनी माझ्याकडं द्यायच्या असं ठरलं. माझ्याकडं म्हणजे चांगुणाकडं. मी पत्र्याचे नंबर पाडून लावतो म्हणालो. ती म्हणाली, "नंबर तुमच्या बंदुकीला लावा." तिनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि प्रत्येक किल्लीला एक चिंधी बांधली. चिंधीच्या गाठीत त्या त्या घराची खूण घातली. शेरडांवाल्याच्या किल्लीत केसांची बट, लग्न ठरलेल्या घराच्या किल्लीत हळकुंडाचा तुकडा. श्रीमंतच्या किल्लीत मिरचीचं देठ, कारण श्रीमंतची बायको छबूबाई. वाडी परत आली की ही शिवेवर उभी राहायची. गूळ-पाणी द्यायची आणि ज्याच्या त्याच्या हातात किल्ली. कधी चुकली नाही.

आता दहाव्याचं.

चांगुणाची थोरली बहीण रतनबाई शेवगावहून आली होती. कामाची बाई, तोंडानं रडायची आणि हातानं घर सारवायची. दहाव्याला मी नदीवरून परत आलो तर भिंतीवरच्या खुंट्या मोकळ्या. किल्ल्या सुपात पडलेल्या, नागड्या. राखेनं घासून लखलखीत केलेल्या.

मी म्हणालो, "अक्का, चिंध्या कुठं हायत?"

"बोचक्यात बांधून सोडल्या की पान्यात, तिच्या लुगड्यांबरुबर."

"कशापायी?"

"कशापायी म्हंजे? मेलेल्या बाईचं कापड जित्या मानसांच्या किल्लीला ठिवत्यात व्हय, दाजी? त्यांच्या घराला काय लागलं म्हंजे? माझ्या बहिनीला कुनी नावं ठिवलेली मला न्हाई खपायची."

तिचं चुकलंही नव्हतं. वाडीतल्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं. मी नदीवर परत गेलो. डोहात पाणी थोडंच होतं, बोचकं पुढं वाहून गेलं होतं. बाभळीच्या मुळीला एक हिरवी दशी अडकली होती. ती आणून काय करणार, तिथंच राहू दिली.

रतनबाई गेली. मी आणि सुपातल्या किल्ल्या. घरात बसवत नव्हतं. उठायचो, वाडीला चक्कर मारायचो, परत यायचो, चूल बघायचो, परत उठायचो. चांगुणा गोजरबाईला रोज भाकरी द्यायची, ते काम माझ्याकडं आलं. पहिल्या दिवशी भाकरी घेऊन गेलो तर म्हातारीनं ती हातात घेऊन उलटीपालटी केली.

"रंगनाथ, ही भाकर हाय का पलटनीतला बूट?"

"खाऊन बघा, मावशी."

"बघते. बूट आसंल तर दुसरा पायबी घेऊन ये."

पण खाल्ली तिनं. मग रोजच्यासारखं विचारलं, "राजूरकडचं कोन भेटलं का?" हा प्रश्न ती चांगुणाला विचारायची. आता मला विचारायला लागली. "न्हाई, मावशी" असं म्हणून मी उठायचो.

शेवटी ठरवलं, एकेक किल्ली लावून बघायची. पण लोकांच्या बंद दाराशी एकट्यानं किल्ल्या घेऊन उभं राहायचं नव्हतं. म्हणून कारभारी तात्याला बरोबर घेतलं. तात्या वयानं सगळ्यांत मोठा, डोळ्यानं अधू, जिभेनं नाही. नियम ठरला. किल्ली फिरली की कुलूप लगेच परत दाबायचं, कडी काढायची नाही, दार ढकलायचं नाही.

पहिलं घर श्रीमंतचं, रस्त्याला तेच लागतं. मोराचं चित्र असलेलं पितळी कुलूप. तिसरी किल्ली लावली, उघडलं.

"सापडली," मी म्हणालो. "मिरचीची."

"बांध काहीतरी तिला," तात्या म्हणाला.

सुतळी बांधली. मग सवय म्हणून, का आणखी कशानं कोण जाणे, पुढची किल्लीही लावून बघितली. तिनंही उघडलं. मग त्याच्या पुढची. ती नाही लागली. त्यानंतरच्या दोन लागल्या.

तात्या भिंतीला टेकला. "आरं, कुलूप हाय का देवळातली घंटा? कुनीबी यावं नि वाजवावं."

आम्ही सगळी वाडी फिरलो. जिथं जिथं मोर होता तिथं तिथं हेच. कारण वाडीतली बहुतेक कुलपं पाथर्डीच्या बाजारात एकाच फिरत्या कुलूपवाल्याकडून घेतलेली. स्वस्त, चकचकीत, वर मोर. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, कारण दुसऱ्याच्या कुलपाला आपली किल्ली लावून बघायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आणि ज्याच्या मनात आलं, तो सांगणार नव्हता.

फिरून आम्ही परत श्रीमंतच्या दाराशी आलो. मी खिशातून माझ्या घराची किल्ली काढली. चांगुणानं आमचं कुलूप त्याच बाजारातून आणलं होतं. किल्ली लावली. श्रीमंतचं कुलूप उघडलं.

तात्यानं ते कुलूप बोटांनी चाचपून बघितलं. मग म्हणाला, "श्रीमंतचं कुलूप तवाबी हेच हुतं."

"व्हय."

"म्हंजे पोरानं मार फुकटच खाल्ला."

"मी सांगनार हाय, तात्या. वाडी आली की सगळ्यांसमोर."

"सांग की. पर एक आईक. गोरक्ष चोर हाय तवर बाकीची वाडी साव हाय. तो सुटला की मंग चोर कोन? परत्येक जन शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघंल. गावाला हे नगं आसतंय."

"गोजरमावशीला पोरगा पायजे."

"मी नगं म्हनालो का?" तात्या उठला. "निस्तं सांगून ठिवतो. तू पलटनीतला मानूस, समूरून येनारा दुश्मन तुला म्हाईत. हा तसला नसतो."

पौष गेला, माघ गेला. मी सारखा फिरतच होतो. शाळेच्या कुंपणाचे दगड रचून काढले, पाणवठ्याचा कठडा बांधला. तिथंच ती टेकली होती, पण बांधायचा तर होताच. हात चालू असला की बरं वाटायचं. थांबला की खिशातली किल्ली लागायची. गोजरबाईला मी काही सांगितलं नाही. आधी वाडी येऊ दे म्हटलं.

चैत्रात गाड्या आल्या. मी शिवेवर उभा राहिलो, गूळ-पाणी घेऊन. चांगुणाचं त्यांना फडावरच कळलं होतं, तरी बायांनी मला बघून गळा काढला. छबूबाई सगळ्यांत मोठ्यानं रडली. रडणं झाल्यावर मी म्हणालो, "किल्ल्या मारुतीपुढं मांडल्यात. चिंध्या गेल्या. आपापली वळखून घ्या."

छबूबाईनं डोळे पुसले. "माझी किल्ली मी झोपंत वळखीन." मारुतीपुढच्या गोणपाटावरून एक किल्ली उचलली. मी सुतळी बांधलेली ती नव्हती. आम्ही सगळे तिच्या दारापर्यंत गेलो. तिनं लावली, कुलूप उघडलं. "बघा! लक्ष्मीच्या हाताला लक्ष्मी कळती."

"श्रीमंत," मी म्हणालो, "परत दाब ते कुलूप."

"का बरं?"

"दाब."

त्यानं दाबलं. मी खिशातून माझी किल्ली काढून लावली. मोराचं कुलूप टपकन उघडलं.

"ही माझ्या घराची किल्ली हाय," मी म्हणालो. "मारुतीपुढं आनखी हायत, ह्याला लागनाऱ्या. तात्या साक्षीला हाय. पासष्ट सालीबी तुझं हेच कुलूप हुतं. तवा किल्ली गोरक्षकडंच हुती असं तुमी म्हनालात. न्हाई. ती निम्म्या वाडीकडं हुती."

एका गाडीचे बैल सोडायचे राहिले होते, ते मान हलवत होते. श्रीमंत कुलपाकडं बघत राहिला. मग हसायचं म्हणून हसला. "म्हंजे माझा चोर तूच व्हय रं, मेजर?"

दोघंतिघं हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "मेजर कसा आसंल? मेजर तवा लढाईवर हुता."

आणि छबूबाई बोलून गेली, "मेजर लढाईवर हुता, पर चांगुना घरातच हुती की."

मला हे सुचलं नव्हतं. सगळा हिवाळा मी फिरलो, सगळ्या बाजूंनी विचार केला, पण हे मनात आलं नव्हतं. माझ्या घराची किल्ली लावली म्हणजे कुणावर बोट दाखवावं लागणार नाही, असं मला वाटलं होतं.

मी म्हणालो, "व्हय. हुती घरात. किल्ली तिच्याच कनवटीला हुती. खांब हाय अजून चावडीत. बांधा तिला."

छबूबाईनं तोंडाला पदर लावला.

"न्हाई ना बांधता येत? मंग मला बांधा. ती माझी बायकू हुती. श्रीमंत, चाबूक आन."

मी खरंच चावडीकडं चालायला लागलो. खांबाला पाठ लावून उभा राहिलो. माझ्यामागं सगळी वाडी आली. श्रीमंत आला नाही. तात्या काठी टेकत पुढं आला आणि म्हणाला, "बास झालं, मेजर. कवायत संपली. घरी चल." तरी मी उभा होतो. मग छबूबाई आली आणि माझ्या पायाशी बसली. "जीभच कापा माझी, भावजी. मला तसं म्हनायचं नव्हतं. माझी दोन बाळंतपनं तिनं केली हुती." ती खरंच रडत होती. शिवेवरचं रडणं वेगळं होतं.

गर्दीच्या मागं गोजरबाई उभी होती. तिनं मोठ्यानं विचारलं, "मंग माझ्या गोरक्षानं न्हाई ना केलं?" ती पुन्हा म्हणाली, "कुनीतरी सांगा की." तेव्हा तात्या म्हणाला, "न्हाई केलं, गोजरे." तिनं मान हलवली आणि घरी गेली. तिला ते माहीतच होतं. तिला ते फक्त कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

नंतर चावडीत बैठक झाली. सगळ्यांचं एकच म्हणणं, गोरक्षनं यावं, त्याला कोण अडवतंय? श्रीमंतही म्हणाला, "येऊ दे की. मी काय त्याला नगं म्हनलो?" आणि ठरलं काय, तर सगळ्यांनी नवी कुलपं घ्यायची. पुढच्या बाजाराला घेतली. त्याच कुलूपवाल्याकडून घेतली. आता मोराऐवजी वर हत्ती आहे.

वैशाखात मी राजूरला गेलो. नगर, संगमनेर, अकोले, तिथून पुढं घाटाची गाडी. डोंगर हिरवे नव्हते, पण आमच्यापेक्षा बरे होते. बाजाराचा दिवस होता. गोरक्ष एका वखारीपुढं पोत्यावर बसून भाकरी खात होता. पाय अजून थोडा ओढतो. मला ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखल्यावर पहिलं विचारलं, "आई हाय ना?"

"हाय. माझ्या भाकरीला नावं ठिवती."

"तुमच्या? अन काकू?"

मी सांगितलं. त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. मग मी कुलपाचं सांगितलं, आणि खांबाचं. तो ऐकत होता आणि पोत्याच्या सुतळीचा एक दोरा उपसत होता.

"मी काय म्हनून येऊ, काका?"

"आपलं घर हाय तुझं."

"हाय. पर मी आपनहून गेलो तर काय व्हईल? चोर सात वर्सांनी परत आला आसंच म्हनतील. ज्यानं बांधलं त्यानं न्यायला यावं. एवढंच. हात जोडायला नगंत, काही नगं. निस्तं यावं आनि 'चल' म्हनावं. बाजारातनं माझ्याबरुबर एस.टी.पर्यंत चालावं. इथल्यांनाबी म्हाईत हाय माझं."

जास्त काही मागितलं नाही त्यानं. मी परत येऊन श्रीमंतला सांगितलं. तो म्हणाला, "जातो की. पेरनी हूं दे." पेरणी झाली नाही, यंदा पाऊसच पडला नाही. मग म्हणाला, "बैलांना चाऱ्याचं बघतो आनि जातो." मग पोळा, मग दसरा. मी दर वेळी त्याच्या दाराशी जाऊन उभा राहायचो. तो समोर दिसला नाही तर छबूबाई बाहेर येऊन म्हणायची, "म्या सांगते त्यान्ला, भावजी," आणि आतून भांड्यांचा आवाज यायचा. तिनं सांगितलं असणार. त्याला राजूरच्या बाजारातून गोरक्षच्या बरोबर चालत येणं होत नाही. चाबूक मारताना सगळं गाव होतं, आता तिकडं तो एकटा असेल.

दिवाळी झाली. बरेच लोक या साली रस्त्याच्या कामाला खडी फोडायला गेले. ऊस कमी आहे म्हणतात, तरी श्रीमंतची गाडी गेली. जाताना त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. माझ्याकडं बघितलं नाही. "चैत्रात आलो की पयलं तेच," म्हणाला. इतरांनीही किल्ल्या आणून दिल्या. हत्तीच्या किल्ल्याही एकमेकींना लागत असणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दिल्या. मी त्या खुंटीला अडकवल्या आहेत. चिंध्या बांधल्या नाहीत. मला कुणाच्या घराची खूण सुचत नाही, ते तिलाच सुचायचं.

मी आज दुपारी तीन वेळा वाडीला चक्कर मारली. गोजरबाईला भाकरी देऊन आलो. ती आता उठून बसत नाही, भाकरी पाण्यात कुस्करून द्यावी लागते. बुटाची थट्टाही करत नाही. राजूरचं मात्र विचारते. मी सांगतो, श्रीमंत जाणार आहे.

श्रीमंत गेलेला नाही. गोरक्षला आणायचं राहिलं आहे.